दाल-बाफल्यांची घरगुती पार्टी: निवृत्त यजमानांसाठी, पीठ दळण्यापासून राख विझवण्यापर्यंत

इंदूरमध्ये निवृत्त जोडप्यानं मुला-नातवंडांना एका दिवसासाठी बाहेर न्यायचं ठरवलं, की बेत बहुतेक वेळा दाल-बाफल्यांचाच असतो, म्हणजे गव्हाच्या पिठाचे गोळे उकडायचे, निखाऱ्यांवर भाजायचे आणि तुपात बुडवून डाळीबरोबर खायचे. आणि बहुतेक वेळा तो एकाच पद्धतीनं बिघडतो. दुपारचे अडीच वाजलेत, बाफले वरून काळे आणि आतून कच्चे, नातवंडं चिप्सवर पोट भरून मोकळी, आजी सकाळपासून उभी आणि आजोबा धुरात डोळे पुसतायत. यात स्वयंपाक येत नाही असं कोणीच नसतं. चुकतो तो क्रम. पार्टीच्या जागी फक्त भाजणं आणि जेवणं एवढंच उरलं पाहिजे. बाकीचं सगळं आदल्या दिवशी किंवा सकाळी घरी उरकायचं.

खालचं सगळं दहा माणसांच्या हिशेबानं आहे, त्यात दोन-तीन लहान मुलं धरली आहेत.

१. तारीख आणि जागा

आपण सातही दिवस मोकळे असतो, त्यामुळे तारीख आपल्या सोयीनं ठरवून मोकळे होतो. आधी सुनेला आणि लेकीला विचारा, मग जावयाला, आणि नातवंडांच्या परीक्षा बघून घ्या. पंधरा दिवस आधी ठरवलेला शनिवार सगळ्यांत बरा, कारण रविवार सगळ्यांना थकवा काढायला हवा असतो.

लोक श्रावण-भाद्रपदात बाफल्यांसाठी बाहेर पडतात. माझं मत विचाराल तर साठीनंतर मार्गशीर्ष-पौष धरावा. माळव्यातलं थंडीतलं ऊन अंगावर घेत बसता येतं, कंडे (शेणाच्या गोवऱ्या) कोरडे मिळतात आणि चिखलात पाय घसरत नाही. पावसाळ्यातच जायचं असेल तर डोक्यावर छप्पर असलेली जागा हवी.

जागा म्हणजे ओळखीच्या कुणाचं शेत, भाड्याचं फार्महाउस किंवा स्वयंपाकाला परवानगी असलेलं देवळाचं आवार. राळामंडल अभयारण्यात किंवा यशवंत सागरच्या काठावर चूल मांडायचा विचार सोडा. एक अभयारण्य आहे आणि दुसरं २०२२ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतलं पाणथळ क्षेत्र. ती बघायला जायची ठिकाणं आहेत, वेगळ्या दिवशी.

जागा नक्की करण्याआधी तिथे एकदा स्वतः जाऊन या आणि चार गोष्टी बघा: कमोडचं संडास आहे का, गाडी थेट जवळ जाते का, सावलीत दहा खुर्च्या मावतात का, आणि वारा अडवणारी भिंत किंवा बांध आहे का. फोनवर विचारलं की सगळे "सगळं आहे हो" म्हणतात.

सावध: पावसाळ्यात पातालपाणी, चोरल, तिंछा या बाजूला नाल्याच्या पात्रात किंवा धबधब्याच्या वरच्या खडकावर पंगत मांडू नका. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला लोक पात्रात असतानाच पाणी अचानक वाढलं आणि माणसं वाहून गेली. तुमच्या डोक्यावर ऊन असतं तेव्हाही वरच्या डोंगरात पाऊस पडत असू शकतो.

२. कामं वाटणं (हा टप्पा वगळू नका)

"आई, बाफले तुमच्याच हातचे हवेत," हे वाक्य कौतुकाचं असलं तरी त्यानं आईंचा सगळा दिवस ओट्याशी जातो. कामाची यादी आठवडाभर आधी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि प्रत्येक कामासमोर नाव लिहा. माझ्या मते वाटणी अशी असावी. पीठ मळणं आणि उकडणं मुलगा-सून किंवा लेक-जावई यांच्याकडे, आजींनी शेजारी खुर्ची टाकून बसून सांगावं. लाडू आजींचे, कारण ते आदल्या दिवशी बसून करता येतात. आग आजोबांची. कंड्यांच्या आगीला घाई केलेली चालत नाही, आणि नोकरीतली माणसं दर पाच मिनिटांनी ती उकरत बसतात. नातवंडांकडे कांदे सोलणं, पत्रावळी-दोने मांडणं आणि बटाटे धुणं.

तुपाचं पातेलं कुणाकडे हेही आधी ठरवा. एकानं बाफले बुडवायचे, बाकीच्यांनी वाढायचे. सगळेच बुडवायला लागले की तूप जमिनीवर जातं.

३. सामान: दोन दिवस आधी

बाफल्यांना गव्हाचं जाडसर पीठ सव्वा किलो आणि मक्याचं पीठ पाव किलो, लाडवांचं जाडसर पीठ अर्धा किलो वेगळं. मराठी घरांतली नेहमीची चूक इथेच होते, पोळ्यांची मऊ कणीक वापरली जाते. त्या पिठाचे बाफले उकडताना चिकट होतात आणि भाजल्यावर चामट लागतात. चक्कीवर "बाफल्याचं पीठ" म्हणून सांगा, इंदूरच्या कुठल्याही चक्कीवाल्याला कळतं. घरचा गहू असेल तर लोकवन चांगला, रव्याहून किंचित बारीक दळून आणा. मका यापेक्षा जास्त घालू नका. त्याला चिकटपणा नसतो, त्यामुळे बाफला पाण्यात तडकतो.

तूप साधारण सव्वा किलो: पाव किलो मोहनाला, थोडं लाडवांना, बाकी बुडवायला. सगळं संपत नाही. पण बाफला पूर्ण बुडेल इतकं खोल तूप पातेल्यात नसेल तर तो एकाच बाजूनं भिजतो. उरलेलं गाळून घरी आणायचं.

तुरीची डाळ अर्धा किलो, ओवा, बडीशेप, हळद, हिंग, सुक्या लाल मिरच्या, लसूण, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं, कांदे. आगीत भाजायला बटाटे आणि एक-दोन भरताची वांगी, आग आयतीच असते.

बाफल्यांच्या संख्येच्या दीडपट कंडे घ्या, म्हणजे तीस बाफल्यांना पंचेचाळीसेक. पावसाळ्यात आणखी दहा. घेताना एक मोडून बघा. कट्‌ आवाज होऊन तुटला तर कोरडा, वाकून तुटला तर ओला. ओल्या कंड्यांचा धूर तासभर जात नाही आणि त्याचा वास बाफल्यात उतरतो.

याशिवाय लांब चिमटा, लांब काठी, दोन जुने सुती पंचे, पाण्याची बादली, छोटा गॅस, वीस लिटरचा पिण्याच्या पाण्याचा कॅन, कापूर, आणि प्रत्येक ज्येष्ठासाठी पाठ टेकायची खुर्ची. सतरंजीवर बसणं सुखाचं, उठणं नाही.

४. आदला दिवस: लाडू आणि चटणी

लाडवांसाठी वेगळं पीठ मळा. जाडसर पीठ अर्धा किलो, मोहन सढळ, मीठ-सोडा-हळद काही नाही. घट्ट मुटके करून मंद आचेवर तळा, गरम असतानाच फोडा, गार झाले की मिक्सरमधून काढा आणि चाळा. मग बुरा (पिठीसारखी बारीक) साखर, वेलची आणि पातळ केलेलं तूप घालून वळा. उकडलेल्या बाफल्यांचाच चुरा करून लाडू वळू नका. त्यात ओल राहते आणि ते टिकत नाहीत.

हिरवी चटणी वाटून फ्रिजमध्ये ठेवा, लिंबू मात्र वाढताना पिळा. आदल्या दिवशी एवढंच काम. रात्री वेळेवर झोपा.

५. वेळापत्रक उलटं मांडा

जेवण दुपारी एकला धरा आणि तिथून मागे या. एकला पान वाढायचं तर बाफले आगीत बारा-सव्वाबाराला. त्यासाठी कंडे पेटवायचे सव्वाअकराला. म्हणजे जागेवर पोचायचं साडेदहाला, घर सोडायचं साडेनऊला, उकडणं संपवायचं साडेआठला आणि पीठ मळायचं साडेसहाला. हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. "निघू आरामात" म्हणणारी माणसं अडीचलाच जेवतात.

आणि एक इंदुरी धोका. वाटेत पोहे-जिलबीसाठी गाडी थांबवायचा आग्रह होणारच, त्याच्या जोडीला कचोरी येणारच. मग दोन बाफल्यांची जागा कुठून येणार? पोहे घरीच, वाटीभर, जीरावण (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) घालून, आठच्या आत.

६. पीठ मळणं

दोन्ही पिठं, दोन चमचे ओवा, दोन चमचे बडीशेप, हळद, मीठ, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा एकत्र करा. पाव किलो पातळ तूप घालून दोन्ही हातांनी चोळा.

तपासा: पीठ मुठीत दाबलं की मूठ वळली पाहिजे आणि बोटानं ढकलली की मोडली पाहिजे. वळतच नसेल तर मोहन कमी आहे.

मग अर्धी वाटी दही आणि लागेल तसं कोमट पाणी. पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट, पुरीच्या पिठापेक्षाही जरा घट्टच. झाकून अर्धा तास ठेवा. नंतर मोठ्या लिंबापेक्षा थोडे मोठे, साधारण ७५ ग्रॅमचे गोळे करा. वरून भेगा राहू देऊ नका आणि मधे अंगठ्यानं हलका खळगा द्या. तीस-बत्तीस होतात. माणशी दोन पुरतात, तिसरा हौशीचा.

७. उकडणं: घरीच

बाटी न उकडता थेट भाजतात, म्हणजे बाटी आणि बाफला यांत फरक करणारी पायरी ही, आणि तीच लोक उरकून टाकतात. कच्चे गोळे जागेवर नेऊन तिथेच उकडायचा बेतही नको, त्यात दीड तास जातो.

दोन मोठी पातेली घ्या. निम्म्याहून जास्त पाणी, मीठ, हळद, चमचाभर तेल. पाणी खळखळून उकळल्याशिवाय एकही गोळा आत जाऊ देऊ नका. कोमट पाण्यात टाकलेला गोळा बाहेरून विरघळू लागतो आणि पाण्याची पेज होते. एका वेळी आठ-दहाच टाका. ते आधी तळाला बसतात. दोन मिनिटांनी झाऱ्याच्या पाठीनं अलगद सरकवा, म्हणजे चिकटत नाहीत. पुढे एकेक डुलत वर यायला लागतो, आणि इथेच घात होतो. वर आला म्हणजे झाला, असं समजून लोक काढून घेतात. वर आल्यावरही पाण्याला उकळी ठेवून शिजवायचं, एकूण वीसेक मिनिटं.

तपासा: एक काढून मधोमध कापा. मध्यभागी पिठूळ पांढरा ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं. कडेला लालसर डाग दिसले तर सोडा जास्त झालाय, हळद सोड्यानं लाल होते. त्यातले एक-दोन पाण्यात फुटतीलही. बाकीचे जपून काढा, खायला काही हरकत नाही.

काढलेले बाफले सुती पंच्यावर एकमेकांना न चिकटता पसरा, वर पंखा लावा. पाऊण तासात वरचा ओलसर चकाका जातो. मग टोपलीत पंचा घालून त्यात भरा. स्टीलच्या डब्यात झाकण लावून नेले की त्यांना घाम सुटतो आणि आगीत ते राख धरतात.

८. डाळ: घरी शिजवा, फोडणी तिथे द्या

डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवा, घोटा, घट्टच ठेवा आणि कुकरसकट न्या. जागेवर गरम पाणी घालून सारखी करा आणि तुपात जिरं, लसूण, सुकी मिरची, हिंगाची फोडणी द्या.

आपल्या लोकांचा हात इथे गुळाच्या डब्याकडे जातोच. चिंच-गुळाची आमटी घरी रोज करा. पण तुपानं निथळणाऱ्या बाफल्याला तिखट, लसणाची, शेवटी लिंबू पिळलेली डाळच लागते. गोडाला लाडू आहेत.

९. आग

वाऱ्याची दिशा बघा, भिंत किंवा बांध वाऱ्याच्या बाजूला येऊ द्या. दम्याचा त्रास असलेल्यांच्या खुर्च्या ज्या बाजूनं वारा येतो तिथे, आगीपासून लांब. आगीजवळच्या माणसानं सुती कपडे घालावेत, पदर-ओढणी खोचलेली, आणि पाण्याची बादली हाताशी.

जमीन झाडून घ्या, सुका पाला दूर करा. कंडे मोडून तुकडे करा आणि मधे हवा खेळेल असे तिरपे रचा, साधारण दोन-अडीच फूट व्यासाचा ढीग. पोटात कापराच्या वड्या आणि तुपात बुडवलेली वात. रॉकेल किंवा पेट्रोल कुणी आणलंच तर गाडीतच राहू द्या. त्याचा वास बाफल्याला लागतो आणि भडका अंगावर येतो.

पहिली पंधरा मिनिटं दाट पांढरा धूर. मग ज्वाळा. या वेळी कुणीतरी म्हणणारच, "आबा, टाका की आता, चांगलं पेटलंय." टाकायचे नाहीत. ज्वाळेत बाफला काळा पडतो आणि आत गार राहतो. ज्वाळा बसतात, धूर थांबतो, कंड्यांवर राखाडी-पांढरी साय धरते आणि काठीनं टोचलं की आत केशरी धग दिसते. पेटवल्यापासून पाऊण तास तरी जातो. त्या वेळात बटाटे आणि वांगी कडेला सरकवून द्या.

तपासा: निखाऱ्यांच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. तीन-चार आकडे मोजेपर्यंतच धरवला तर आच बरोबर. लगेच मागे घ्यावा लागला तर थांबा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांना अकराच्या सुमारास मूठभर फुटाणे किंवा दोन बिस्किटं द्या. बाफले आणि घड्याळ यांचं नेहमी जमतंच असं नाही, आणि जेवण लांबलं की साखर उतरते.

१०. भाजणं

काठीनं निखारे सपाट पसरा. बाफले एकेक चिमट्यानं ठेवा, मधे बोटभर जागा. पहिली आठ-दहा मिनिटं उघडेच फिरवत राहा, सगळ्या बाजूंनी कवच धरेपर्यंत. कवच धरलं की कडेची गरम राख वर लोटून झाका आणि पंधरा मिनिटं हात लावू नका. कवच धरण्याआधी राखेत पुरलेला बाफला राख खातो, मग तो कितीही झटकला तरी दातांत कचकचतो.

तयार बाफल्याला वरून एखादी भेग गेलेली असते, रंग खरपूस तपकिरी असतो आणि काठीनं टकटक केलं की पोकळ आवाज येतो. शंका असेल तर एक फोडा. आतून वाफ आली, पापुद्रे सुटले, की झालं.

घरच्या गच्चीवरच करायचं असेल तर कंडे नकोत, शेजारी धुरानं वैतागतात. गॅस तंदूर किंवा १८० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास, मधे एकदा उलटून. कंड्यांचा वास येणार नाही, बाकी सगळं येतं.

११. तूप आणि पान

बाफला पंच्यात धरून राख झटका, दोन्ही तळव्यांत हलका दाबून फोडा आणि गरम असतानाच कोमट पातळ तुपात बुडवा. दोन मिनिटं ठेवा, निथळून पत्रावळीवर वाढा. न फोडता बुडवलेला बाफला तूप पीत नाही, आणि गार झाल्यावर बुडवला तर तूप वरच थिजतं. ज्यांना तूप कमी हवंय त्यांच्या बाफल्यावर चमच्यानं घाला आणि पुढे आग्रह करू नका. कवळी असलेल्यांना भाजलेलं कवच झेपत नाही. त्यांचा बाफला दोन्यात चुरून वर गरम डाळ घाला आणि पाच मिनिटं मुरू द्या.

आधी नातवंडं, मग आगीजवळ राबलेला माणूस, मग बाकीचे. तुपाच्या पातेल्याशी बसलेल्यालाही मधे कुणीतरी उठवून पानावर बसवा.

भाजलं-पोळलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी धरा. तूप, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल तर थेट डॉक्टरकडे.

१२. आवरणं आणि परतणं

जेवणानंतर तासभर लवंडायला वेळ ठेवा, लगेच "आता ते ठिकाण बघू" नको. दुपारच्या औषधांची आठवण कुणा एकाकडे द्या. मोतीबिंदूमुळे संध्याकाळी समोरचे दिवे डोळ्यांवर येत असतील तर साडेचारला निघा, किंवा गाडी मुलाच्या हाती द्या. तुपाच्या जेवणावर डुलकी त्यालाही येते, म्हणून निघायच्या आधी चहा.

राख नुसती वरून शिंपडून विझत नाही. पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची पाठ जवळ नेऊन धग लागत नाही याची खात्री करा. पूर्ण गार झालेली राख पिशवीत भरून आणली तर कुंड्यांना घालता येते. पत्रावळी आणि सालं ओल्या कचऱ्यात, प्लॅस्टिक सुक्यात. कचरागाडीला घरी जसं देतो तसंच तिथेही वेगळं बांधा आणि घरी घेऊन या.

उरलेले बाफले तुपात न बुडवता, कोरडेच आणा. दुसऱ्या दिवशी त्यांचे चार-चार तुकडे करून कढईत थोड्या तेलावर मोहरी-हिंग-मिरचीची फोडणी द्या, तुकडे कडेनं कुरकुरीत होईपर्यंत परता आणि वर जीरावण-कोथिंबीर घाला. तुपात बुडवलेले उरले असतील तर ते फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना मंद तव्यावर झाकण घालून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते रबरासारखे होतात.